बादली आणि दोन शिड्या

मी मूळचा रत्नागिरीकडचा, गावाचं नाव सांगून उपयोग नाय, तुम्हाला ठाऊक नसायचं. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा गलबतात बसून मुंबईला आलो, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, लागलो, नि लालबागच्या या चाळीत वरच्या मजल्यावर खोली घेतली ती आजतागायत. शाळा म्हणाल तर पंतोजींकडं दोन महिने धूळपाटीवर बोट फिरवलं, पहिली छडी पडली तसा उठलो तो परत गेलो नाय. पण डोकं चालतं माझं. चाळीत कुणाचं काही अडलं की बाबाजीला विचारा म्हणतात. बाबाजी म्हणजे मीच. त्या विचारण्यानंच घात केला, तेच सांगतो.

पलेगचं दुसरं वर्ष. कामावरून आलो तर चाळीच्या दाराशी भिंतीवर तांबड्या रंगात काहीतरी काढलेलं, हातभर उंच. साहेबाची अक्षरं म्हणे. काढणारा केव्हाच गेलेला. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले, बाबाजी, काय असंल ओ हे. आता मला माहीत नाय, असं म्हणायची मला कधी सवयच नाय. मी निरखून बघितलं. पहिली आकृती बिनकडीची बादली, नि पुढं दोन शिड्या, मधे एकेक पायरी. म्हटलं, सरळ आहे की, बादली आणि दोन शिड्या, सरकार चुना मारायला येणार. पलेगात घरोघर चुना चाललाच होता, लोकांना पटलं. बायकांनी भांडीकुंडी भिंतीपासून पुढं ओढली. आमची ही म्हणाली, आपल्या खोलीला दोन हात द्यायला सांगा हां, तुमची ओळख आहे ना सरकारात. सात दिवस आम्ही चुन्याची वाट बघितली.

आठव्या सकाळी शिड्या आल्या, चुना नाय. मुकादम नि चार माणसं वर चढली ती कौलंच उतरवायला लागली. घरात माझी सून ओली बाळंतीण, पोराच्या डोक्यावर आभाळ दिसायला लागलं. मुकादम म्हणतो, म्हाताऱ्या, आठ दिवसांमागं लिहून गेलोय, घर राहण्यालायक नाय, खाली करा. म्हटलं, हुकूम दाखव. तर म्हणतो, तुला काय वाचता येतंय? म्हटलं, वाचता येत नाय, ऐकता येतं, वाच. तर म्हणे हुकूम कचेरीत. म्हटलं, मी कचेरीत जाऊन येईपर्यंत कौलाला हात लावू नकोस. तळमजल्याचा सदू खोकत खोकत आला नि शिडीच्या पायाशी फतकल मारून बसला, म्हणाला, काका तुम्ही जा, ही शिडी नाय हलत आता.

कचेरीत कारकून म्हणाला, उद्या ये. मी उंबऱ्यात बसलो. आत जाणाऱ्याला मला ओलांडून जावं लागे. शेवटी साहेबालाच ओलांडायची पाळी आली, तेव्हा त्यानं विचारलं, हा कोण. कारकुनानं कागद काढला नि मराठीत वाचला. काय सांगू तुम्हाला, हुकूम सगळ्या चाळीचा नव्हताच. तळमजल्याच्या मागल्या दोन अंधाऱ्या खोल्या, तेवढ्याच राहण्यालायक नाहीत असं होतं; भिंतीवरची यू, एच, एच ही साहेबाची तीन अक्षरं त्याचीच खूण. नि खाली आणखी, कुणाची हरकत असेल तर आठ दिवसांत कळवावी. म्हणजे तोच दिवस शेवटचा. साहेबानं विचारलं, मग सात दिवस काय केलंत. खोटं बोललो असतो तर चाललं असतं, पण सांगितलं, साहेब, वाचलं मीच, बादली आणि दोन शिड्या. कारकून तोंडावर हात धरून हसला. साहेब नाय हसला. त्यानं ती अक्षरं कागदावर काढली, लांब धरली, नि किती वेळ बघत राहिला. मग म्हणाला, तुमचं म्हणणं काय आहे.

इतकी वर्षं गिरणीत माणसं कामाला लावणाऱ्या जॉबरचं म्हणणं ऐकलं, घरमालकाचं ऐकलं. माझं म्हणणं कुणी विचारलं नव्हतं. मग बोललो. कौलं परत घाला. त्या दोन खोल्या खरंच वाईट आहेत, सदू तिथंच राहतो, त्याला दुसरीकडं ठेवा नि भिंतीला खिडकी पाडा. नि आमच्या भिंतीवर लिहाल तर आधी आम्हाला वाचून सांगा. कारकुनानं सगळं उतरून घेतलं, नि साहेबानं त्याला ते मला वाचून दाखवायला लावलं. माझे शब्द, सरकारच्या कागदावर, कारकुनाच्या तोंडून. अंगावर काटा आला हो. देवळातसुद्धा मला असं कधी झालं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत कौलं चढली. खिडक्या व्हायला दिवाळी उजाडली, पण झाल्या. आता आमच्या गल्लीत रंगवाला आला की आधी डबा वाजवून कागद वाचतो, मग कुंचला बुडवतो. तेवढ्यानं सगळं बरं झालं असं नाय. कोपऱ्यावरची चाळ खाली केलीच, पलेगही अजून गेला नाय. पण ती माणसं गेली ती का जातोय ते ऐकून गेली. ज्यानं विचारलं त्याचं देव बरं करो, ज्यानं उत्तर दिलं त्याचंही.

आता तुम्ही एवढं लिहून घेतलंत ना मास्तर, ते मला पहिल्यापासून वाचून दाखवा. माझ्या तोंडचं नसेल तिथं थांबवीन. मग अंगठा देतो.