गेटाबाहेरची बाई

आशाबाई : हे कोन व्हय गा, चंदन? हे हिरव्या लुगड्यातली?

चंदन : कोनी नाई. तुम्ही रंजीताले फोन लावून राह्यल्या होत्या ना? द्या इकडे, मी लावून देतो.

आशाबाई : पोरीले मंग लावीन. माजरीतच हाय ते, कुठी पळून नाई चालली. पहिले हे सांग, हे बाई गेटाभायेर पाय आपटून राह्यली. डोक्यावर लाल पट्टी हाय आन पट्टीखाली लिवलं हाय, ‘आशा’.

चंदन : गेम हाय तो. तुमचं बोट लागलं आन उघडला.

(वडसा. दिवाळीला नऊ दिवस राहिलेत. झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम भाऊबीजेला उभा राहतो, आणि त्याआधी गावोगावचे लोक कंपनीच्या ऑफिसात नाटक ठरवायला येतात. सकाळचे साडेदहा वाजलेत. कंपनीचा मालक चंदन, वय बत्तीस, आपलाच मोबाइल आपल्याला कुणी परत देईल का, अशा तोंडानं खुर्चीत बसला आहे. मोबाइल आशाबाईंच्या हातात आहे. त्या एकतीस वर्षं याच कंपनीच्या नायिका, आणि रुसव्याफुगव्यांबद्दल चार तालुक्यांत नावाजलेल्या. तोंड कुठं लपवावं हे चंदनला आत्ताच कळेनासं झालं आहे, आणि अजून तर काही झालेलंही नाही.)

आशाबाई : गेम म्हंजे कसा?

चंदन : सिनेमाचा स्टुडिओ चालवाचा. आपण मालक. सेट बांधाचे, पिच्चर काढाचे, नट-नट्या सांभाळाच्या. त्याइचा मूड त्या पट्टीवर दिसते. हिरवी असली तं खूश. लाल झाली का शूटिंग सोडून चालते होतेत, कपबश्या फेकतेत.

आशाबाई : आन मंग मालकानं काय कराचं?

चंदन : मोठी खोली द्याची. फुलं पाठवाची. तारीफ कराची. मागंपुढं फिराले दोन मानसं द्याची.

आशाबाई : तुह्या बापाच्या टायमाले पाह्यजे होता हा गेम. गुणवंतरावानं जिंदगीत कोनाले एक फूल नाई देल्लं. आन हा कोन, दुकानापाशी? ‘विनोद’. आपला विनोद?

चंदन : हो. सगळ्याइची नावं आपल्याच कंपनीतली टाकलो.

आशाबाई : तो इथीबी दारूच्याच दुकानापाशी उभा हाय.

चंदन : मी नाई उभा केलो त्याले. तो आपल्या मनानंच जाते.

आशाबाई : आन ह्या मोठ्या बंगल्यात दीपाली. बरं हाय. पोरगी मेहनत करते. हा बंगला पहिले कोनाचा होता गा?

चंदन : कोनाचा म्हंजे?

आशाबाई : भिंतीवर फोटो हिरव्या लुगड्यातल्या बाईचा हाय, म्हून इचारलं.

चंदन : आशाचा होता.

आशाबाई : आन आशा गेटाभायेर काऊन?

चंदन : काढलो तिले. नखरे लय होते. टायमावर सेटवर येत नव्हती. आरसा येगळा पाह्यजे, गरम पानी पाह्यजे बादलीभर, गाडीत समोरची सीट पाह्यजे.

आशाबाई : सिनेमातल्या बाया बादलीभर गरम पानी मागतेत, तुह्या गेममधी?

चंदन : नाई.

आशाबाई : समोरची सीट?

चंदन : नाई.

आशाबाई : हं. कधी काढला तिले?

चंदन : सोमवारी.

आशाबाई : आज शुक्रवार. तवापासून उभीच हाय?

चंदन : काढल्यावर एक दिवस गेटापाशी उभी राहते, मंग चालली जाते. पण तो दिवस गेममधला. गेम उघडला तरच सरते. मी सोमवारपासून उघडलोच नाई.

आशाबाई : काऊन?

चंदन : असाच.

आशाबाई : आता माह्या बोटानं उघडला, म्हंजे चालली जाईन ते.

चंदन : द्या, थांबवतो.

आशाबाई : राहू दे. थांबवाची खूण समजली मले. ह्या दोन उभ्या काड्या, नाई? पाह्य, थांबली. तिले वापस आत घेता येते का गा?

चंदन : येते. पण पट्टी लय दिवस लालच राहते. जुनं इसरत नाई ते.

आशाबाई : गेम बनवनाऱ्याच्या घरी कोनीतरी नाटकवाली असन.

रफीक : (दारातून आत येत) सलाम, बाई. तुम्ही इथी? चंदनभाऊ, छापखान्यातून पोस्टरचा गठ्ठा आणलो. मले वाटलं, तुम्ही एकलेच असान.

चंदन : मांगच्या खोलीत ठेवा, रफीकभाय.

आशाबाई : मांगच्या खोलीत काऊन? एकतीस सालं झाली, गठ्ठ्यातलं पहिलं पोस्टर मीच उघडते. गुणवंतराव दुसऱ्या कोनाले हात लावू देत नव्हते. सोडा दोरी.

रफीक : बाई, पहिले चाय पिऊन घ्या. ताजी हाय.

आशाबाई : रफीकभाऊ, तीस सालं माह्या तोंडाले रंग लावून राह्यले तुम्ही. तुमच्या तोंडावर काय लिवलं हाय, मले वाचता नाई येत का? सोडा.

चंदन : आशाबाई, एक मिनिट ऐका ना माह्यं.

आशाबाई : दीपालीचा फोटो छान आला. विनोदचाबी. टोपी घातली म्हून टक्कल नाई दिसत. हा कॉमेडीवाला बुधू. आन हे तबल्यावरचे रामाजी. त्याइचा फोटो पहिल्यांदा टाकला तू. बरं केलं.

रफीक : राहू द्या, बाई.

आशाबाई : पाहून राह्यली ना मी. खालतंबी पाह्यते. खालतं तं छापखान्याचं नाव हाय.

चंदन : मी सांगनार होतो तुम्हाले.

आशाबाई : कधी?

चंदन : मंगळवारी आलतो ना तुमच्या घरी. चाय पेलो आन वापस आलो. 

आशाबाई : म्हून आलता का. मी तीन दिवस इचार करून राह्यली, हा पोरगा नुसता चाय प्याले कसा आला.

चंदन : सोमवारी सकाळी छापाले द्याचं होतं. द्याच्या पहिले गेममधी काढून पाह्यलो.

आशाबाई : काय पाह्यलं?

चंदन : कसं वाटते ते.

आशाबाई : आन कसं वाटलं?

चंदन : खराब वाटलं.

आशाबाई : तरी छापाले देल्लं.

चंदन : तरी देल्लो.

आशाबाई : बरं. रंजीताचा नंबर लावून दे मंग. सांगते तिले, अवंदा दिवाळीले येतो म्हून. तीस दिवाळ्या तिनं मायबिगर काढल्या.

चंदन : असं शांत नका बोलू, बाई. एरवी साऱ्या दुनियेवर रागावता, आता काऊन नाई रागावत? तुम्हाले वाटते, मी हे हसत केलो? गोंडपिपरीले तुम्ही एक घंटा दहा मिनिटं रुसून बसल्या होत्या. माहा पहिला हंगाम, बाप जाऊन चार महिने नव्हते झाले. समोर हजारो लोकं. मी सरपंचाच्या हातापाया पडलो. आन कारण काय, तं आरशाले तडा गेला. आरशासाठी? त्या दिवशीच मी ठरवलो, ह्या बाईले सांभाळनं माह्या बापाले जमलं, मले नाई जमत.

रफीक : आरशाले तडा नव्हता, चंदनभाऊ.

आशाबाई : रफीकभाऊ, चूप.

रफीक : सालभर चूप बसलो, बाई. आता नाई होत. आरसा माह्या सामानातला हाय, मले मालूम. आजबी साबूत हाय, घरी चला, दाखवतो. आरसा होता. कपड्याची ट्रंक नव्हती.

चंदन : कोनती ट्रंक?

रफीक : साऱ्या नाटकाचे कपडे, दाढ्यामिशा, तलवारी. डायवर लच्छूच्या गाडीत होती. आन लच्छू तिकडे जंगलातल्या फाट्यावर उभा होता. एक रस्ता डावा, एक उजवा, पाटी नाई, इचाराले मानूस नाई. तुम्हाले फोन लावत होता. सात वेळा लावला. शेवटी आपल्या मनानं उजवीकडे घातली गाडी आन नाल्यापाशी जाऊन अटकला.

चंदन : मले तं कोनी नाई सांगतलं. लच्छूनंबी नाई सांगतलं.

आशाबाई : मीच नको म्हनलं. नवा मालक. पहिल्याच हंगामात लोकाइसमोर तुही मान खाली गेली असती, तं मंग कोनी ऐकलं नसतं तुह्यं.

चंदन : म्हून तुम्ही रुसल्या?

रफीक : बाई नेहमी म्हूनच रुसतेत. गुणवंतरावाचं आन बाईचं पहिल्यापासून हेच ठरलं होतं. जनरेटर बंद पडला, बाई रुसली. हिरोनं जास्त पेली, बाई रुसली. सिंदेवाहीले तं पेटीवाला मधातच उतरून सासऱ्याच्या घरी जेवाले गेला, बाई दोन घंटे रुसल्या. नाटक लेट झालं म्हनलं तं लोकं खुर्च्या फेकतेत. आशाबाई रुसली म्हनलं का खुशीत बसून राहतेत. मांगच्या सालच्या रुसव्याच्या गोष्टी सांगतेत एकमेकाले.

चंदन : बाबानं मले कधी नाई सांगतलं.

आशाबाई : कोनालेच नव्हतं सांगाचं. सांगतलं असतं तं रुसवा खरा कोनं मानला असता?

चंदन : आन गरम पानी?

आशाबाई : थंडीच्या दिवसात रामाजीची बोटं आखडतेत. तबल्यावर चालत नाई. आता तबलजीच्या नावानं कोन पानी तापवून देते? हिरोइनीच्या नावानं देतेत.

चंदन : समोरची सीट?

आशाबाई : ते माह्यासाठीच. मले गाडी लागते.

रफीक : हे खरं हाय. मांगं बसल्या तं बाजूवाल्याचं काई खरं नाई.

चंदन : लच्छूचे फोन मीच कापलो होतो. याद हाय मले.

आशाबाई : जेवत असशीन.

चंदन : जेवत नव्हतो. सरपंचाच्या ओसरीवर बसून हाच गेम खेळून राह्यलो होतो. यातल्या आशाची पट्टी लाल झालती. तिले फुलं पाठवून राह्यलो होतो. फोन मधात येत होता म्हून कापलो. सातही वेळा.

आशाबाई : मंग? हिरवी झाली?

चंदन : झाली.

आशाबाई : चला. एकीची तं झाली.

चंदन : मावशी.

आशाबाई : मालक झाला तवापासून ‘आशाबाई’ म्हनत होता तू मले.

चंदन : मले लाज वाटून राह्यली, मावशी. कुठी पाहू समजत नाई. गोंडपिपरीहून आल्यावर सालभर मी सगळ्याइले सांगत फिरलो, का त्या बाईनं माह्यं नाक कापलं. चायच्या टपरीवर सांगतलो, छापखान्यात सांगतलो. आन ते नाक तुम्ही वाचवलं होतं. शिव्या द्या ना मले.

आशाबाई : शिव्या मले नाटकात लिवून देल्ल्या तेवढ्याच येतेत. त्याबी व्हिलनवर द्याच्या. तुह्या तोंडावर व्हिलनच्या झुपकेदार मिशाबी नाई.

रफीक : बाई, त्याले हसवू नका. रडून घेऊ द्या.

आशाबाई : वाईट तं मलेबी वाटलं गा, चंदन. खोटं काऊन सांगू? पोस्टरवरून एक दिवस निघनारच होती मी. पंचावन सालाची बाई प्रेमाचं गानं म्हनते, तं मांगच्या लायनीतले पोट्टे खोकलतेत. आयकू येते मले. तू मायचं काम दे म्हनलं असतं, तं केलं असतं मी. पण तू मंगळवारी आला, चाय पेला आन एक वेळ माह्या तोंडाकडे नाई पाह्यलं. याच कपड्याच्या ट्रंकेवर झोपून मोठा झाला तू. माह्या शालीची उशी करत होता. त्याचं वाटलं.

चंदन : मी हे सारे पोस्टर फाडतो. नवीन छापतो.

आशाबाई : फाडू नको. दीपालीनं आतापर्यंत आपल्या मायले फोटो पाठवला असन. रामाजीनं तं साऱ्या मोहल्ल्याले दाखवला असन. त्याइचं काय चुकलं?

चंदन : मंग मी काय करू?

आशाबाई : ते मले नको इचारू. मालक तू हाय.

रफीक : भाऊ, खिडकीतून पाहा. सिंदेवाहीकडचे लोकं आले. पाच-सहा जण हायेत, गाडी लावून राह्यले. मंडईच्या जत्रेतलं नाटक ठरवाले येतो म्हनत होते ना, तेच. येताना मले रेल्वे फाटकापाशीच एकानं इचारलं, अवंदा आशाबाई हायेत ना म्हून.

चंदन : मी नाई जात त्याइच्यासमोर. डोळे पाहा माहे.

आशाबाई : जा लागन. हंगामाचं पहिलं गाव हाय. पहिल्या गावाले मालक रडताना दिसला, तं दुपारपर्यंत साऱ्या तालुक्यात होईन, का कंपनी बसली.

चंदन : थांबतच नाई, मावशी.

आशाबाई : मंग थांबेपर्यंत बस. मांगं जाय, तोंड धू, पानी पे. रफीकभाऊ, तुम्ही भायेर जा. खुर्च्या टाका, चाय द्या त्याइले.

रफीक : आन मालक कुठी हाय म्हनलं तं काय सांगू, बाई?

आशाबाई : सांगा, आशाबाई रुसल्या, मालक समजावून राह्यले. अर्धा घंटा लागन.