तिसरी बाटली

...नाही नाही, त्या कपाटाले नका टेकू बापा, इकडं या, खिडकीजवळ बसा, हौ, तिथं, अन् खुर्ची ओढू नका, उचलून ठेवा, हादरा बसते... तुम्ही परीक्षेच्या ड्यूटीवर आले, दोन घंट्यांनी चालले जासान, मले इथं रोज राहा लागते. सतरा वर्षं झाली मले या लॅबमंधी. फकिरा लॅबवाला म्हटलं का शाळेतला कोणताही पोट्टा ओळखते. पण तुम्हाले सांगतो, सात महिन्यांपासून मी या खोलीत मोकळेपणानं शिंकलो नाही.

काहून म्हणसान, तं तो भिंतीवरचा तक्ता पाहा. आवर्त सारणी. त्याच्यातली डाव्या हाताची उभी ओळ, वरचा हायड्रोजन सोडा, बाकीचे सगळे भांडखोर. लिथियम पाण्यात टाकलं तं नुसतं फसफस करते. त्याच्या खालचं सोडियम गोळी होऊन पाण्यावर पळते. अन् त्याच्याही खालचं पोटॅशियम, ते टाकल्याबरोबर पेटते, जांभळं जांभळं. खाली जावं तसं वाढते. माहा बाप भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत होता, तोही हेच म्हणे, पण तो गरमीचं म्हणे, अन् वर आला का अंगणात बाज टाकून निजे. त्याचं बरं होतं.

आता हे सोडियम-पोटॅशियम रॉकेलात बुडवून ठेवा लागते, हवा लागली का बिघडते. अन् मी राह्यतो भरवेलीले, रोज सायकलनं येतो, ट्रकांची ती काळी धूळ चेनमंधी बसते, अन् चेनले रॉकेलासारखं औषध नाही... समजले ना तुम्ही? दोन थेंब. दर शनिवारी दोनच थेंब, देवाशप्पथ. अन् पोटॅशियमच्याच बाटलीतून, काहून का तिले कोणी हात लावत नव्हतं. मनात होतं, रेशनचं आणून भरून टाकू. तं रेशनवरचं रॉकेलच बंद झालं! मी काय करू?

एक दिवस पाह्यतो तं रॉकेल तळाले, अन् पोटॅशियमचे तुकडे उघडे, त्याच्यावर पिवळी पपडी. टिकाराम सर रिटायर होताना सांगून गेलते, "फकिरा, पोटॅशियमवर पिवळं दिसलं तं चाकू लावशीन नको, फुटते ते, हात मनगटापासून जाईन." मी झाकण लावलं, बाटली कपाटात मागं सरकवली, अन् कोणाले सांगतलं नाही. सांगतलं असतं तं पहिला सवाल काय? रॉकेल गेलं कुठं!

तं मंग भोपाळहून तपासणीले साहेब येणार म्हणून खबर आली. प्राचार्य तीन दिवसांपासून नीट जेवले नाही. अन् आमच्या रचना मॅडम, पहिलंच वर्ष, अतिथी शिक्षक, साहेबाच्या एका शेऱ्यावर नोकरी. त्या मले म्हणते, "फकिरा भैया, ग्रुप वन के ट्रेंड दिखाएँगे. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, तीनों." मी म्हटलं, मॅडम, दोन दाखवू ना, दोनात समजते. "नहीं भैया, दो में क्या पता चलेगा, तीसरे में ही तो मज़ा है." मजा!

काय केलं असन मी? तिसऱ्या काचेच्या वाटीत सोडियमच ठेवलं. दुसऱ्या वाटीतही सोडियम, तिसऱ्यातही सोडियम. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे, अन् सोडियम काय पोटॅशियम काय, दिसाले दोन्ही चांदीवानी. कोणाले कळते, म्हटलं.

साहेब आले, मागच्या बाकावर बसले. मॅडमनं फळ्यावर लिहिलं, खाली जाल तसा अणू मोठा होते, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब पडते, त्याच्यावरची पकड ढिली, लवकर सुटते, म्हणून खाली जावं तसं वाढते. लिथियम टाकलं, फसफस. सोडियम टाकलं, पळालं. तिसरं टाकलं... तेही पळालं. मॅडमचा चेहरा उतरला, पण विचारलं, "तो बच्चो, क्या देखा?" अन् सगळा वर्ग एका सुरात, "बढ़ती है मैडम!" पाठच होतं त्याहिले. मी श्वास सोडला.

तं साहेबानं बोट दाखवलं, "तुम बताओ, तीसरे में क्या हुआ?" अन् बोट कोणाकडं? पौर्णिमाकडं. माही पोरगी. बारावीच्या त्याच वर्गात हाय ते. ते उठली, म्हणते, "सर, जो दूसरे में हुआ, वही तीसरे में हुआ." "किताब में क्या लिखा है?" "लिखा है बढ़ती है सर. पर बढ़ी नहीं."

साहेब हासले. "ध्यान कहाँ था तुम्हारा?" मंग सगळा वर्ग हासला. ते बसली नाही. उभीच राह्यली, अन् माह्याकडं पाहाले लागली. तुम्हाले सांगतो, मले बाटलीचं जेवढं भेव वाटे ना, त्याच्यापेक्षा जास्त भेव त्या दोन डोळ्यांचं वाटलं. सगळ्यांत बरोबर तिनंच पाह्यलं होतं, अन् माह्यापायी खोटी पडली होती.

मी म्हटलं, "साहेब, पोरगी खरं बोलते. खोटं मी केलं." कपाट उघडलं, बाटली दोन्ही हातांत धरली, अन् नेऊन साहेबासमोर उभा राह्यलो. साहेबानं पिवळी पपडी पाह्यली. साहेब स्वतः केमिस्ट्रीवाले. एवढा मोठा माणूस, बाकावरून उठून दारात कवा पोहोचला, कोणाले दिसलं नाही. तिथून म्हणते, "इसे... इसे हिलाया तो नहीं किसी ने?" मी म्हटलं, हलवली ना साहेब, आताच तं आणली तुम्हाले दाखवाले.

"जहाँ थी, वहीं वापस रखो. धीरे."

त्या घाईत रॉकेलाचं कोणी विचारलंच नाही, अन् नोकरी वाचली, माही बी अन् मॅडमची बी. पौर्णिमाले साहेबानं दारातूनच शाबासकी देल्ली. मंग साहेबानं प्राचार्यांले सांगतलं, ही बाटली तुमची जिम्मेदारी, वरून आदेश येईपर्यंत कोणी हात लावू नये. प्राचार्यांनी मॅडमले सांगतलं. मॅडमनं मले सांगतलं, "भैया, ज़रा संभालना." सात महिने झाले, आदेश काही आला नाही. साहेबाले थोडंसं भेव वाटलं, प्राचार्यांले त्याच्याहून जास्त, मॅडमले त्याच्याहून जास्त... खाली जावं तसं वाढते, अन् माह्या खाली कोणी नाही.

परवा पौर्णिमा मले तक्ता दाखवून म्हणते, "बाबा, जो सर्वात खाली असते ना, त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन लगेच सुटून जाते." मी म्हटलं, जात असन बाई. मी कुठं जाऊ, रिटायर व्हाले माही सहा वर्षं बाकी हायेत.