न आलेलं रीळ

नर्मदाबाई : थांबव, थांबव फोन तिथंच! आमचा सिनेमा हितंच बंद पडला होता. आता डोळे मीट, मंजू.

मंजुषा : आजी, आता थोडाच राहिलाय गं.

नर्मदाबाई : मीट म्हणते ना. समज, तू राणीसावरगावच्या जत्रेत हाईस. कापडाचा तंबू, खाली वाळू, बायका एका अंगाला, गडी एका अंगाला. पडद्यावर हीच पोरगी, गिरणीच्या ऑफिसात टायपिंग करणारी. सगळ्या ऑफिसात एकटी बाई. तो उशिरा येणारा कारकून तिच्या मागं मागं करायलाय आन लोकं हसून लोळायलेत.

मंजुषा : साहेबाच्या टोपीत चहा सांडतो, तेव्हा ना?

नर्मदाबाई : तेव्हाच. मग साहेब म्हणतो, हेडक्लार्कची खुर्ची या मुलीला द्यायची. ती खुर्चीकडं बघते, आन पडदा पांढरा!

मंजुषा : लाइट गेली?

नर्मदाबाई : न्हाई गं. एकाच सिनेमाची रिळं दोन तंबूंत फिरायची. शेजारच्या गावात एक रीळ संपलं की ते सायकलवर आमच्याकडं यायचं. त्या दिवशी शेवटचं रीळ आलंच न्हाई. सायकल पंक्चर.

मंजुषा : आणि सायकलवर आपले आजोबा!

नर्मदाबाई : तेच. दुसऱ्या दिवशी मी त्यांनाच गाठलं. म्हणलं, तुमी पलीकडच्या तंबूत शेवट बघितला असंल, सांगा मला. ते म्हणले, ती खुर्चीत बसते, आन तो कारकून तिच्या टेबलावर चहा आणून ठेवतो. झालं! मी बापाला सांगून टाकलं, मी जिंतूरला कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात नोकरी धरणार.

मंजुषा : आता उघडू डोळे? लावू पुढचं?

नर्मदाबाई : लाव. इतक्या वर्षांनी बघू दे तिला खुर्चीत बसताना.

मंजुषा : ... आजी, ही काय म्हणायलीय? "खुर्ची यांनाच द्या साहेब. मला यांच्या घराची किल्ली पुरे."

नर्मदाबाई : चेष्टा करायली असंल. पुढं बघ.

मंजुषा : पुढं हार घातले. तो कारकूनच बसला खुर्चीत. हिनं त्याला चहा दिला. संपला.

नर्मदाबाई : मागं घे.

मंजुषा : तेच आहे, आजी.

नर्मदाबाई : मग हा दुसरा सिनेमा असंल.

मंजुषा : टोपीत चहा सांडणारे दोन सिनेमे? थांब, खाली बघणाऱ्यांनी लिहिलंय. "किती गोड शेवट! असे स्वच्छ सिनेमे आता निघत नाहीत." हा कुणी बजरंग म्हणतो, "टोपीतला चहा बघून अजून पोट दुखतं." "आजकालच्या मुलींना दाखवायला पाहिजे." आणि ही सत्यशीला म्हणते, "लहानपणी बघितला तेव्हा शेवट आल्यावर आई उठून बाहेर गेली होती. का, ते आज कळलं."

नर्मदाबाई : तिला कुणी काय उत्तर दिलंय?

मंजुषा : कुणीच नाही.

नर्मदाबाई : आजोबांना हाक मार.

मंजुषा : आजोबा! ओ आजोबा! आजी बोलवायलीय!

उमाजी : आलो, आलो. शेळ्यांना पाला टाकायलो होतो. काय बघायल्यात दोघी? अरे, हे कुठं घावलं तुला? लय भारी पिक्चर! त्या टोपीत चहा—

नर्मदाबाई : शेवट सांगा.

उमाजी : कशाचा?

नर्मदाबाई : याचा. मला सांगितला होता तोच. मंजूसमोर सांगा.

उमाजी : ... बघितला व्हय तुमी.

नर्मदाबाई : तुमी बघितला होता का न्हाई, त्या दिवशी?

उमाजी : बघितला होता. लोकांनी शिट्ट्या मारल्या होत्या. मी बी मारली.

मंजुषा : म्हणजे तुम्ही आजीला खोटं सांगितलं?

उमाजी : अगं बाळा, ही आली अन् म्हणली, तिला खुर्ची भेटली असंल तर मी बी नोकरी धरते. हिचं तोंड बघून खरं बोलवंना मला. अन् वाईट काय झालं? हेडक्लार्क झाली की तुझी आजी! माझ्या एका थापंनं भलंच झालं.

नर्मदाबाई : भलं मी केलं. थापंनं न्हाई.

मंजुषा : पण नंतर तरी सांगायचं ना, आजोबा.

उमाजी : कधी सांगू? आधी लगीन ठरायचं होतं. मग तुझा बाप झाला. मग राहून गेलं.

नर्मदाबाई : मला खुर्ची मिळाली तव्हा सांगायचं. ऑफिसातली माणसं माझ्या हाताखाली बसायला तयार नव्हती. मी आत गेले की कप घेऊन बाहेर जायची सगळी. घरी येऊन रडायचे मी. तव्हा तुमी काय म्हणायचा?

उमाजी : जाऊ दे की आता.

नर्मदाबाई : "त्या पिक्चरमधल्या पोरीनं कसं निभावलं असंल, बघ." हेच ना? आन मी डोळे पुसून परत जायचे. वाटायचं, माझ्याआधी एकीनं हे सगळं सोसलंय. ती तर खुर्ची सोडून गेली होती. मी एकटीच होते तिथं, आन तुमी सांगत होता की आमी दोघी हाव.

उमाजी : तुला आधार व्हावा म्हणून गं.

नर्मदाबाई : आधार द्यायचा तर तुमचा द्यायचा होता. नसलेल्या बाईचा का दिलात?

उमाजी : लय मनाला लावून घेऊ नको. पिक्चरच हाय शेवटी.

नर्मदाबाई : आणखी काय काय सांगितलंय असं, माझं तोंड बघून?

उमाजी : काय न्हाई. देवीची आण.

नर्मदाबाई : आण घेऊ नका. आज तर मुळीच नको.

मंजुषा : आजोबा...

उमाजी : बोल माय. तू तरी नीट बोल माझ्याशी.

मंजुषा : दिवाळी झाली की आई-बाबा मला त्यांच्याकडं पुण्याला नेणार, असं तुम्ही रोज झोपताना सांगता ना?

उमाजी : व्हय, नेणारच की! तिकडं मोठी खोली भेटली की लगेच.

मंजुषा : असं आई म्हणली का?

उमाजी : म्हंजी, तिच्या मनात हायच ते.

मंजुषा : म्हणली का पण?

उमाजी : नर्मदे, सांग की हिला.

नर्मदाबाई : मी काय सांगू? मला बी तुमीच सांगितलंय.

उमाजी : मंजू, फोन घेऊन कुठं निघालीस? अगं, दे हिकडं, मी लावतो. मी बोलतो आधी तिच्याशी.

नर्मदाबाई : लावू द्या तिला.

मंजुषा : हॅलो, आई? नाही, आजोबा नाहीत, मी आहे. अंगणात आलेय. काही झालं नाही गं. मी एक विचारते, तू हो की नाही एवढंच सांग.