काबरीचं दुखणं

(सोनगीरजवळचं गाव, सकाळ. लोटन आबांची गाभण बकरी काबरी गोठ्यात बसून आहे. पहूरची लेक, आबांची सून दिपमाला तिच्याजवळ.)

आबा : बाजूले सरक, दिपमाला. पोट फुगेल शे तिनं. तेल पाजी देस, म्हंजे मोकळी व्हई.

दिपमाला : नका आबा! गॅस नाही तो. डावी कूस वाजवून बघा. ढोलासारखी वाजते का?

आबा : ...नही वाजस. मंग दोन दिनपासून पाल्याले तोंड कसाले लावत नही?

दिपमाला : तिच्या तोंडाजवळ नाक न्या.

आबा : ह्या वयमा बकरीनं तोंड हुंगू?

दिपमाला : हुंगा तर.

आबा : ...गोड वास येस. पिकेल फळसारखा.

दिपमाला : तेच म्हणते मी. पोटात दोन-तीन पिल्लं असतील. सगळी साखर ती ओढून घेतात, आईच्या वाट्याला काही राहत नाही.

आबा : हाई तुले कोनी सांगं?

दिपमाला : जनावरांची देखभाल शिकवतात त्या पशुसखीच्या शिबिरात. धुळ्याला आठ दिवस गेले होते ना.

आबा : आठ दिनमा कोनी वैद व्हत नही, पोरी. खाटिकले बलावस मी. मरापेक्षा जित्ती गयेल बरी.

दिपमाला : काबरीला मी नेऊ देणार नाही.

आबा : बकरी कोनी शे?

दिपमाला : तुमची. पण आजचा दिवस माझ्या हाती द्या. डॉक्टरांना फोन केलाय, दुपारपर्यंत येतात. तोवर गूळपाणी पाजते. गेली तर साऱ्या गावात माझं नाव सांगा.

आबा : ...मंग पाज. मुंडी वर कर तिनी.

दिपमाला : वर नाही, सरळच. वर केली की पाणी फुप्फुसात जातं. तुम्ही धरा. तुमचा हात ओळखते ती.

आबा : पी वं माय, काबरे. पी... घोट लिना! दिपमाला, घोट लिना तिनी!

*

डॉक्टर : सलाईन लावलंय. तेल-बिल पाजलं नाही ना कोणी?

आबा : मी पाजनार व्हतू साहेब. सूननी हात धरा मना.

डॉक्टर : वाचली मग. एवढ्या अशक्त शेळीला ठसका लागला असता, तर मी येऊन उपयोग नव्हता. ताई, फोनवर आजार बरोबर सांगितलात. आता पुढे काय द्याल?

दिपमाला : भरडा, थोडा थोडा, दिवसातून चार वेळा. हिरवा पाला. गूळपाणी चालूच. उठली नाही तर लगेच तुम्हाला फोन.

डॉक्टर : आबा, मला सांगायला काही उरलंच नाही.

*

लीलाधर : (शेजारून येत) राम राम आबा. आठ दिन मी गावले नव्हतू. तुमनी बकरी बिमार व्हती म्हने, आते कशी शे?

आबा : ये, देख. काल व्यायनी. तीन पिलं, तिन्ही उभं शेतस.

लीलाधर : डॉक्टरनी वाचाडी म्हना.

आबा : डॉक्टरनी सुई दिनी. दुखनं वळखं मनी सूननी. शिकेल शे ती. तिना शिबिरना कागद देख, भीतले लायेल शे. काच बसाडी आनी मी.

लीलाधर : मंग बलावा ना तिले. मनी बकरी कालपासून लंगडस.

आबा : बलावस. पन बस जरा. जेवाले बठेल शे ती. तिनं जेवन व्हवू दे.