तिसऱ्या नंबरचा ठोका

(रनाळे. सुंदरबाईंच्या पिठाच्या गिरणीपुढचं निंबाचं झाड, आणि त्याच्या सावलीत हुकमीचंद शेठची सर्व्हिस मोटार बॉनेट उघडून उभी. लढाईची वर्षं. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, नऊ दिवसांवर आलेली. उखा ड्रायव्हर कोपरापर्यंत इंजिनात.)

उखा : काही नही शेठजी, पेट्रोलमा पानी शे. लढाईनं पेट्रोल, दुसरं काय! नळी फुकी काढस, की नीट व्हई जाई.

हुकमीचंद : कोरीटला म्हणालास, प्लग काळे पडले. नाल्यापाशी म्हणालास, हवा जास्त होतेय. आता पेट्रोलात पाणी. अरे भाई, मोटार एक आणि अर्ध्या दिवसात आजार तीन?

उखा : म्हतारी शे शेठजी. म्हतारीले एकच आजार ऱ्हास का?

सुंदरबाई : आनि ते ठक ठक? ते बी पानीच वाजी ऱ्हायनं का?

उखा : वहिनी, तुम्ही तुमनं दयन पहा ना. मोटारनं मी पाही लेस.

सुंदरबाई : दयनवाल्या बाया कव्हयच्याच घर गयात. मी मोकळी शे. थांब, लाटनं लई येस.

हुकमीचंद : लाटणं? उखा, बाई तुला मारणार काय?

उखा : मारती तर बरं व्हतं शेठजी. ती लाटनं इंजिनले टेकाडस नि कानले लावस. दोधूदादानी शिकाडेल शे.

हुकमीचंद : दोधू? म्हणजे या त्याच्या घरच्या, सुंदरबाई? माझी पहिली मोटार चालवायचा तो?

सुंदरबाई : तेच. तुमनी पयली मोटार तापीना पूरमा गयी, तव्हय त्यास्नीच इंजिन बाहेर काढं. तुम्ही म्हने, लई जाय दोधू, माले त्यानं तोंड देखानं नही. तेच इंजिन मन्ही गिरणी चालाडस. तुमनी या मोटारना इंजिनना जुडवा भाऊ शे ते. आते उखाभाऊ, हँडल मार.

उखा : मारस. पन वहिनी, आज हवा बी जरा...

सुंदरबाई : मार रे. हां. आते पयला नंबरना प्लगनी तार काढ. लाव. दुसरानी काढ. लाव. तिसरानी काढ.

उखा : तिसरानी कसाले काढानी? तिसरा बेस शे.

सुंदरबाई : काढ.

हुकमीचंद : अरे! ठोका थांबला की!

सुंदरबाई : थांबना नही शेठ, दबायना. तिसरा दट्ट्यावर जोर उना नही, म्हनीसन तो गप बसना. खाले दांडाना बेरिंगनं काम संपेल शे. इतलं उखाले माहीत नही का? मन्ही छबूना बापना हातखाले शिकेल मानूस शे हाऊ!

हुकमीचंद : थांबा, थांबा. उखा, हेच बेरिंग दोन वर्षांपूर्वी गेलं होतं ना? मुंबईहून धातू येत नव्हता, आणि तू एका दुपारीत नवीन बसवलंस. मी अख्ख्या पेठेत तुझी तारीफ करत फिरलो.

उखा : हा जी. तुम्ही तारीफ करी ऱ्हायनात नि मन्हा आंगवर काटा यी ऱ्हायना व्हता.

हुकमीचंद : कशाचं बसवलं होतंस?

उखा : चामडानं.

हुकमीचंद : चामड्याचं? इंजिनात?

उखा : लढाईमा समदा डायवर तेच करतस शेठजी. तेल पाजेल जाड चामडं दांडाना तोंडमा बसाडं, की चालस. लोकेसनं दोन महिना चालस. आपलं दोन वरीस चालनं!

सुंदरबाई : मंग चामडं मोठं उंची व्हई. कोठलं व्हतं?

उखा : जाऊ द्या ना वहिनी.

सुंदरबाई : कोठलं व्हतं रे?

उखा : जोधपूरनं.

हुकमीचंद : जोधपूरचं. हं. उखा, त्याच साली महावीर जयंतीला मंदिराच्या पायरीवरून माझा डावा जोडा गेला होता.

उखा : हा जी.

हुकमीचंद : तू म्हणालास, कुत्र्यानं नेला. तूच म्हणालास, पळताना पाहिला.

उखा : हा जी.

हुकमीचंद : अरे, त्या गल्लीतल्या कुत्र्याला मी दोन वर्षं भाकरीचा तुकडा टाकला नाही!

उखा : मी टाकस ना शेठजी. त्या दिनपाईन रोज टाकस.

सुंदरबाई : माय व! म्हंजे शेठ, दोन वरीस तुम्ही तुमनाच जोडावर फिरी ऱ्हायनात?

हुकमीचंद : हसू नका, सुंदरबाई. सासऱ्यांनी दिलेला जोडा होता तो. घरी सायरबाई अजून विचारते.

उखा : दुसरा दिन तळोदाना बाजार व्हता शेठजी. मोटार भरेल, नि चामडं कोठेच मियेना. पायरीवर तुमना जोडा चकचक करी ऱ्हायना व्हता. मी एकच लिधा.

हुकमीचंद : मोठे उपकार केलेस! एकच नेलास! बस झालं, मी ही मोटार भंगारात देतो.

उखा : आखाजी तोंडवर उनी तव्हय? वहिनी, तुम्ही सांगा यास्ले. अकरा घरले शब्द देयेल शे. कोरीटन्या चार पोरी, रनाळान्या पाच, नंदुरबारन्या दोन. समद्या तापीपल्याड देयेल. वरीसमा हाऊ एकच सन, पोरी माहेर येतस, झोका खेयतस, सासूनं नाव नही काढतस. त्यास्ले कोन आनी?

हुकमीचंद : शब्द मी दिलाय, तू नाही. मला काय आनंद होतोय? पण हे खटारं तापीची वाळू चढेल? बैलगाड्या धाडाव्यात म्हणतो.

उखा : गाडाले जाताना तीन दिन, येताना तीन दिन. या उनमा, कडवर लेकरं लईसन! वहिनी, एक बोलू का?

सुंदरबाई : नको बोलू. तू काय बोलशी ते माले माहीत शे.

उखा : जुडवा भाऊ शे तो. गिरणीनं इंजिन मोटारमा टाकं, की बोल्टवर बोल्ट बसी जाई.

सुंदरबाई : आनि मन्ही गिरणी? आखाजीना मांडासनं पीठ काय मी जातावर दयू? लेकी उन्यात नि घरमा पीठ नही, मंग त्यास्ले आठ दिन डांगर-टरबूजवर ठेवशात का?

उखा : पीठ बंद नही पडनार. आमनं इंजिन तुमनी गिरणीले लावसुत. गिरणीले ना चढ, ना वाळू. एकच चाल, धीरे धीरे. नवं चामडं टाकं, की आखाजीलोंग वाजनार बी नही.

सुंदरबाई : नवं चामडं कोठून आनशी? मोटनं?

उखा : मोटनं चामडं पानीमा फुगेल ऱ्हास, तेलमा नही टिकत. जाड पाहिजे. तेल पाजेल. जोधपूरनं व्हई तर मंग देखालेच नको.

हुकमीचंद : माझ्याकडे काय बघतोस?

उखा : मी कोठे देखी ऱ्हायनू?

सुंदरबाई : मी बी नही देखी ऱ्हायनू.

हुकमीचंद : नाही. साफ नाही. उजवा जोडा मी पेटीत जपून ठेवलाय. कधी डावा सापडलाच तर, म्हणून.

सुंदरबाई : सापडना ना डावा. हाऊ देखा, आठेच शे, तिसरा नंबरमा.

हुकमीचंद : आणि सायरबाईला काय सांगू?

सुंदरबाई : सांगा, कुत्रानी नेला.

हुकमीचंद : त्या बिचाऱ्याचं नाव काढू नका पुन्हा! बरं. दिला. जा, दिला! पण इंजिन उचलणार कसं? पाच मणाचं धूड. मागच्या खेपेला दहा माणसं लागली होती, आणि त्यातल्या एकाची बोटं चेंगरली.

उखा : मोटनं चाक या निंबले बांधसुत. नाडा इंजिनले. दुसरा टोकले मोटवाला सुपडूना बैल.

हुकमीचंद : बैल उचलतील, कबूल. पण ठेवताना? नाडा सोडलास की धाडकन खाली.

उखा : मोटना बैल शेत शेठजी, गाडाना नहीत. दिनभर विहीरना धाववर फुडे जातस नि उलटं मांगे येतस. सुपडूनी नुस्तं च्यक च्यक करं, की एक एक पाय मांगे. चार बोटं म्हनं तर चार बोटंच. असं यंत्र तुमना मुंबईना कारखानामा बी नही.

हुकमीचंद : हे मात्र खरं. मग आजच सुरुवात करा. संध्याकाळपर्यंत...

सुंदरबाई : तुम्ही दोन्हीस्नी ठराई बी लिधं. मी हो म्हनं का?

उखा : वहिनी...

सुंदरबाई : छबूना बाप जाईसन तीन वरीस झायात. रोज सकाये मी हँडल मारस, इंजिन धडधडस, नि माले वाटस, ते आठेच शेत, आंगनमा काही तरी ठोकी ऱ्हायनात. छबू लहान व्हती, तव्हय हाई इंजिन चालू ऱ्हायनं तरच झोपे. बंद करं, की रडे. मन्हा घरमा त्यास्ना तितलाच आवाज उरेल शे, उखा.

उखा : दहा दिन, वहिनी. आखाजी झायी, की ह्याच हातेसनी परत बसाडी देस. तुमनी आन.

हुकमीचंद : परत? आणि माझी मोटार?

उखा : मंग दीड महिनामा पावसाया शे. काळी मातीमा मोटार चार महिना उभीच ऱ्हास. तवलोंग बेरिंगनं पाही लेसुत.

सुंदरबाई : त्या अकरा पोरी कोनकोन्या? रनाळान्या सांग.

उखा : करमसिंगनी फुलवंता. पाटीलनी धनू. सुपडूनी धाकली. माळीन्या दोन बहिनी.

सुंदरबाई : छबूनं नाव नही त्यामा.

उखा : छबू खापरले शे ना वहिनी. आपली मोटार तळोदालोंगच जास.

हुकमीचंद : आणि तुम्ही कधी सांगितलंच नाही, बाई.

सुंदरबाई : काय सांगू? तिले भाऊ नही. बाप गया. सासरना लोके म्हनतस, माहेरना मुराळी लेवाले उना तरच धाडसुत. गिरणी बंद करीसन मी कशी जाऊ? तीन आखाजी गयात. या निंबले मी झोकानी दोरी बांधतच नही. समद्या पोरी शेजारना झाडवर खेयतस, नि मी पीठ दयत बसस.

उखा : मी नही का माहेरना मानूस? दोधूदादानी माले हँडल धराले शिकाडं. मी जासु मुराळी.

सुंदरबाई : पयली फेरी खापरनी. मंग त्या अकरा.

उखा : माले काय! शेठजीसले विचारा.

हुकमीचंद : परवाना तळोद्यापर्यंतचा आहे.

सुंदरबाई : हां.

हुकमीचंद : तळोद्यापुढे गाडी नेली तर पोलीस विचारतील. पण समजा, तळोद्यात ब्रेक लागलेच नाहीत, आणि मोटार तशीच खापरपर्यंत गेली. त्याला कोण काय करणार? उखा अर्ध्या दिवसात तीन आजार काढतो, चौथाही काढेल. काय रे?

उखा : काढसु शेठजी. चांगला दांडगा काढसु!

हुकमीचंद : आणि लहान मुलं असतील छबूची, तर पुढची बाक त्यांना. मागे धूळ फार येते.

सुंदरबाई : दोन शेत. धाकलाले मी आजलोंग देखेल नही.

उखा : रडू नका वहिनी. डोयाले पीठ लागी ऱ्हायनं.

सुंदरबाई : कोन रडी ऱ्हायनं? जाय, सुपडूले हाक मार. सांग त्याले, नाडा नवा आन, जुना तुटना तर त्याले दयन नही मियनार. नि येताना झोकाले बी एक दोरी आन.

उखा : आनस. पन वहिनी, खापरले जाईसन बोलू काय? छबूनी सासू मोठी तिखट शे म्हनतस. मी म्हनस, दारसमोर उभा ऱ्हासु नि भोंगा वाजाडसु चांगला, छबू घरमाथून पयत येई.

सुंदरबाई : भोंगा नको वाजाडू. दारसमोर इंजिन नुस्तं चालू ऱ्हाऊ दे. ती वळखी लेई.