एकतीस तुटलेल्या तारा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील प्रमुख पाहुणे, आपल्या प्रसारण केंद्राचे मुख्य अभियंता साहेब, माझे सहकारी, आणि मागच्या रांगेत चपला काढून बसलेला माझा थोरला भाऊ, सर्वांना नमस्कार.

माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की, बाई नक्की निवृत्तच होतेय ना, अशी मला शंका आली. असो. तेहतीस वर्षं मी या केंद्राचा ट्रान्समीटर सांभाळला. आज पाचपर्यंत मी कामावर आहे, म्हणून कामाचंच बोलते.

प्रमुख पाहुण्यांनी मघाशी मनोऱ्यावरच्या लाल दिव्याकडे बोट दाखवून 'ती अँटेना ना?' असं विचारलं. साहेब, तो दिवा विमानांसाठी आहे. आपला अख्खा मनोराच अँटेना आहे, आणि तिचा अर्धा जीव जमिनीखाली आहे. बुंध्यापासून चहूकडे तांब्याच्या एकशेवीस तारा पुरलेल्या आहेत. त्या धड असतील तरच लहरी लांब जातात.

ट्रान्समीटर केबलमधून शक्ती वर पाठवतो. अँटेना जेवढी घेत नाही तेवढी परत येते. ती दाखवणारा काटा आमच्या टेबलावर असतो. दोन वर्षांपूर्वी पार्किंगसाठी खोदकाम झालं आणि दुसऱ्याच दिवशी तो काटा चढला. मी म्हटलं, तारा तुटल्या. मला उत्तर काय मिळालं? 'बाई, पॉवर कमी करा.' केली. कमी पाठवलं, म्हणून कमी परत आलं. काटा खाली बसला, अहवाल छान झाला. ताप उतरावा म्हणून थर्मामीटर बर्फात ठेवायचा, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हापासून पहाटेचं हवामानवृत्त दीपगृहाच्या पलीकडे पोहोचेना. तिथे माझा भाऊ होडी घेऊन जातो, आणि त्याच्यासारखे दोनशेजण. वादळाची सूचना आम्ही देत होतो, पण ती ऐकत कोण होतं? मला याचा राग आहे, आणि तो समारंभापुरता मी गिळणार नाही.

आता मनोराच निकामी ठरवून पाडायचं चाललंय. तो निकामी असल्याच्या दाखल्यावर माझी सही हवी आहे. दाखला या पुष्पगुच्छाखाली ठेवलाय, कुणीतरी फार प्रेमाने ठेवलाय.

सही करण्याआधी तपासावं म्हटलं. गेले तीन आठवडे, दुपारचं प्रसारण बंद असताना, मी आणि पहारेकरी काका पार्किंगच्या कडेने खणत होतो. एकतीस तारा तुटलेल्या सापडल्या. एकतीसच्या एकतीस जोडल्या. आज पहाटे पॉवर पूर्ण केली. काटा चढला नाही, खालीच राहिला.

दादा, जरा उभा राहा. पहाटे कुठे होतास?

"दीपगृहाच्या बरंच पुढे."

आणि ऐकू काय आलं?

"सगळं. वारा किती, लाटा किती, माघारी कधी फिरायचं तेही. दोन वर्षांनी ऐकलं गं."

बस आता. अध्यक्ष महोदय, हा दाखला घ्या, सहीची जागा कोरीच आहे. आजचे आकडे मी शाईने नोंदवहीत लिहिलेत. माझ्यानंतर ज्याला सही करायची असेल त्याने ते आधी वाचावेत, आणि मग माझ्या भावासमोर बसून सही करावी.

आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. पार्किंगच्या चाळीस फरशा उखडल्या आहेत, त्याबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.