कुणी न लिहिलेलं क्रियापद

पोलादपूरच्या स्टँडवर चारुशीलाबाई महाडच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारी कुडपणचे भागोजी, मांडीवर एक पुरचुंडी घेऊन, परदेशी शिकायला निघालेल्या पुतणीशी बोलत होते.

"नक्की काय शिकणार गो तिकडं, अंकिता? गावात इचारतात मला."

"रशियन, पोलिश या भाषांची जी आई होती ना काका, तिचं 'देणे' हे क्रियापद."

"जुन्या पोथीत हाय?"

"कुठंच नाही. ती भाषा कुणी लिहिलीच नाही. लेकींचं बोलणं बघून आईचं ताडायचं."

"म्हंजे आपला मूळपुरुष. फोटो नाय, पर नाक घराघरात हाय."

"अगदी तसंच! मी देतो, दामि. तू देतोस, दासि. तो देतो, दास्ति."

"भटजींच्या मंत्रासारखं वाटतंय."

"लांबचं नातं आहेच. संस्कृतात ददामि. इथं दुसरा 'द' झिजला. फक्त 'ते सगळे देतात' म्हणताना उरला. दादेंति."

महाडची गाडी लागली. दोघांचं बोलणं ऐकण्यात गुंतलेल्या बाई उठल्या नाहीत.

"मग ही पुरचुंडी घरी का ठेवून आलीस?"

"बॅग जड झाली, काका. तांदूळ तिकडंही मिळतात."

"मिळतील की. हे तुझ्या ओटीचे हायत. अख्ख्या वाडीनं घरटी मूठमूठ घातलीय."

अंकितानं पुरचुंडीची गाठ सोडून बघितलं. "यातले लाल दाणे कुणाकडचे?"

"आता कसं सांगू? सगळे मिसळले."

"द्या इकडं. आणि बॅगेतलं हे जाडं पुस्तक घरी न्या."

"अगो, मग तुझं ते दामि-दासि?"

"ते पाठ आहे, काका. हेच विसरले होते."